पिवळी तेवढी आण

अगं ए,

फ्रान्समधल्या रूसियोंचे फोटो पोचले. मागे पिवळे, नारिंगी, लालभडक कडे आणि पुढे गॉगल लावून तू! पांढरे बूट घालून मातीच्या डोंगरात जायची अक्कल तुझीच. धुऊन निघाले का गं?

तुला सांगते, तो डोंगर म्हणजे बहुतेक वाळूच. तिला चिकटलेली थोडीशी लोखंडी माती एवढा रंग उधळते. अठराव्या शतकाच्या अखेरीस आस्तिए नावाच्या तिथल्याच एका माणसाने तिचा धंदा सुरू केला. माती पाण्यात कालवायची, जड वाळू खाली बसू द्यायची, गढूळ पाणी हौदांत सोडायचं. ते निवळलं की तळाला उरतो तो रंग. तो वाळवून वड्या पाडायच्या.

खरी गंमत पुढेच. पिवळ्या मातीतल्या लोखंडात पाणी मुरलेलं असतं. भाजलं की ते उडतं आणि माती लाल होते. हे वाचलं आणि मला कुठला धीर! दुकानातून सुटी पिवळी माती आणली, लोखंडी तव्यावर टाकली आणि मोठ्या आचेवर परतत बसले. सासूबाई डोकावून म्हणाल्या, “अगं, बेसन करपलं!” तोवर कडेकडेने छान तांबूस रंग चढायला लागला होता. आता त्या तव्याला त्या पोळी लावू देत नाहीत.

इंटरमिजिएटला आभाळातसुद्धा यलो ऑकर फासणारी तू! आपल्याला ट्यूबवरची ती नावं केवढी भारी वाटायची. बर्न्ट सिएना म्हणजे सिएनाची माती, भाजलेली. अंबरमध्ये मँगनीज असतं, म्हणून ती तपकिरी. हल्ली मी ट्यूब उलटी करूनच घेते. पीवाय ४३ असेल तर खाणीतली माती, पीवाय ४२ असेल तर कारखान्यातला आयर्न ऑक्साइड. दुकानदार वैतागतो, वैतागू दे.

मध्यंतरी अजिंठ्याला जाऊन आले. पहिल्या लेण्यात, पद्मपाणीसमोर, तुझी फार आठवण झाली. पाचव्या शतकातलं काम. निळा तेवढा लाजवर्दाचा, दुरून आणलेला. तांबडा, पिवळा, हिरवा ही सगळी मातीच. भिंतीचे पोपडे पडलेत, पण जिथे रंग उरलाय तिथला तांबडा अजून तांबडाच आहे. लोखंडाचा रंग उजेडाने विटत नाही, हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि तिथे उभं राहून बघणं वेगळं.

आणि आपला गेरू? माझ्या अंगावर पित्त उठलं की आजी तो फासायची आणि तू खिडकीतून “मारुतीराया!” म्हणून ओरडायचीस. मारुतीला शेंदूर असतो गं, मठ्ठ!

बरं, ऐक. दिवाळीला येशील तेव्हा चॉकलेटं नकोत. तिथल्या दुकानातून मातीच्या रंगाची पुडी आण. पिवळी तेवढी आण. लाल मी घरीच करीन, तवा आता माझाच आहे.

तुझीच