दोन तात्या

भिलाईत पोलाद कारखान्यामुळे आलेल्या मराठी घरांचा कुलवृत्तांत लिहिणं सोपं. 1955 च्या सोव्हिएत करारानंतरची माणसं, त्यांचा मूळ गाव सर्व्हिस बुकातच सापडतो. हात टेकायला लावतात ती दुर्ग-रायपूरची जुनी घराणी. त्यांच्या बैठकीत पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "आम्ही बिंबाजी भोसल्यांबरोबर आलो."

नागपूरकर भोसल्यांचे हे बिंबाजी छत्तीसगडच्या कारभारावर रतनपूरला होते 1758 ते 1787. म्हणजे आजच्या नातवापर्यंत आठ-नऊ पिढ्या तरी मोजता यायला हव्यात. मोजायला बसलं की घरचे पाचव्या पिढीवर थांबतात आणि तिथे एक तात्या उभे असतात.

सध्या हातात असलेल्या घराण्याचंही असंच आहे. थोरल्या शाखेचे तात्या घोड्यावरून आले, भोसल्यांच्या दप्तरात कारकून झाले. धाकट्या शाखेचे तात्या रेल्वेबरोबर राजनांदगावला आले. दोन्हीकडे नाव विठ्ठल, बापाचं नाव रामचंद्र. दोन्ही शाखांचं एकमेकांशी या एका माणसावरून बोलणं बंद आहे.

आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव देतात. विठ्ठल रामचंद्र, मग रामचंद्र विठ्ठल, मग पुन्हा विठ्ठल रामचंद्र. त्यात सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून तेच नाव ठेवलेल्या पोरालाही घरात वेगळ्याच नावाने हाक मारायची. थोरल्या शाखेतल्या आजींना मी नाव विचारलं तर त्यांनी पदर सावरून देवघरातल्या विठोबाकडे बोट केलं. "मामंजींचं नाव कसं घेऊ? तात्याच म्हणा." आणि तात्या तर प्रत्येक पिढीत एक असतोच. कागदाला विठ्ठल माहीत, घराला तात्या माहीत, आणि दोघांनाही माणूस एकच वाटतो.

या गाठीपाशी मी फार काळ घुटमळत राहिलो. दुर्ग जिल्हा झाला 1906 साली, त्यामुळे त्याआधीचं सगळं रायपूरच्या नावाखाली शोधावं लागतं. तिथल्या जुन्या बंदोबस्ताच्या मिसलीत ‘विठ्ठल वल्द रामचंद्र’ मिळाला. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत, 1890 नंतरच्या पानावर, पुन्हा विठ्ठल रामचंद्र मिळाला, मुक्काम राजनांदगाव, आणि खाली त्याची स्वतःची मोडी सही. आधी आडवी रेघ, मग तिच्याखाली न उचललेल्या बोरूने लोंबवलेली अक्षरं, ‘ठ्ठ’पाशी शाई जरा जास्त उतरलेली. ती सही मी भिंगाखाली इतक्या वेळा पाहिली आहे की डोळे मिटले तरी दिसते. मोडी वाचता येते याचा मला अभिमान आहे, आणि हे कोडं मोडीनेच, म्हणजे माझ्याच हातून सुटावं, ही हावही होती. सत्काराची शाल मला आवडते. ग्रंथाच्या पहिल्या पानावर स्वतःचं नाव पाहायला आवडतं.

माझ्याकडे शिकायला येणारी मुलगी भिलाईच्या सेक्टरमधलीच आहे, बाप कारखान्यात. तिला मोडी अजून अडखळत येते. मिसलीनंतरच्या नोंदींचे फोटो ती मोबाइलवर मोठे करून बघत होती. म्हणाली, "काका, तात्यांच्या बायकोचं नाव काय?" वहीत विठ्ठलाबरोबर स्नानाला आलेली गंगाबाई होती. मुलीने स्क्रीन माझ्यापुढे धरली. मिसलीतल्या त्याच जमिनीवर, वही लिहिली जाण्याच्या कितीतरी आधी, पटवाऱ्याच्या हिंदीत ओळ होती : ‘मुसम्मात राधाबाई बेवा विठ्ठल’. राधाबाई विधवा झाली तेव्हा हा सहीवाला विठ्ठल लहान पोर असणार. आजोबा आणि नातू. तात्या दोन.

आता तारखा आपोआप जागेवर बसतात. 1830 ते 1854 छत्तीसगडचा कारभार पुन्हा नागपूरकर भोसल्यांकडे होता, तिसऱ्या रघूजींच्या काळात. थोरला विठ्ठल त्या दप्तरातला. लोकांना बिंबाजी आठवतात, कारण रतनपूरला त्यांचं रामटेकडीचं देऊळ उभं आहे. नंतरची ही चोवीस वर्षं कुणाच्या तोंडी राहिली नाहीत. नातवाची रेल्वेही खरी. बंगाल नागपूर रेल्वे 1887 ची, तो तिच्यात नोकरीला लागला आणि राजनांदगावला गेला. दोन्ही शाखा आपापल्या तात्याबद्दल खरं सांगत होत्या.

तेव्हापासून मी वही उघडली की आधी बायकांची नावं उतरवतो. पुरुषांची नावं दोन पिढ्यांनी फिरून येतात, राधाबाईच्या जागी गंगाबाई येत नाही.

हल्ली महिन्याभरात वंशावळ छापून देणारे निघाले आहेत. ऋषीपासून सुरुवात, मध्ये बिंबाजी, शेवटी यजमानांचा रंगीत फोटो. मोबाइलवरची झाडं तर एकमेकांवरून उतरवलेली. एकाने दोन तात्यांचा एक केला की पन्नास जण तोच घेतात. हे काम नव्हे, आणि त्यांच्या ग्रंथाशेजारी माझा ग्रंथ ठेवला जातो याचा मला राग येतो. त्यात मोडी वाचणारे कमी होत चालले आहेत, आणि उपाध्यायांच्या वह्यांना दरवर्षी पावसाळा लागतो.

थोरल्या शाखेला अजून बिंबाजीच हवे आहेत. मी ते छापणार नाही. घराण्याची कथा म्हणून वेगळ्या पानावर देईन, वंशवेलीत नाही.

तुमच्या घरी जुना जमिनीचा कागद असेल आणि त्यावर कुठे ‘बेवा’ दिसलं, तर त्या ओळीचा फोटो आधी काढून ठेवा. आणि घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला तिच्या सासूचं नाव आणि माहेर आजच विचारा. ते नाव ती घेते.