टेंभुर्णीहून बुखाऱ्याला

बुखारी शरीफचे नाव आपल्या घरांत लहानपणापासून कानावर पडते. पण बुखारा आहे कुठे, आणि आपल्यासारख्यांना तिथे जाता येते का, असे विचारले तर मोठी माणसेही थबकतात. कुणी इराक म्हणते, कुणी इराण. बुखारा आणि समरकंद ही दोन्ही शहरे आज उझबेकिस्तानात आहेत. १९९१ पर्यंत हा मुलूख सोव्हिएत संघात होता, म्हणून कित्येक पिढ्या इकडच्या सामान्य माणसाचे तिकडे जाणे जवळजवळ बंदच होते. आता दिल्लीहून ताश्कंदला विमानाने तीन तासांच्या आसपास लागतात. टेंभुर्णीहून एसटीने पुण्याला जायलाही जवळजवळ तेवढाच वेळ जातो.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सहाजण जाऊन आलो. दोन शिक्षक जोडपी, साठी ओलांडलेली अम्मी आणि आमची एक विधवा खाला. परत आल्यापासून टेंभुर्णी, कुर्डुवाडी, माढ्याची मंडळी एकच प्रश्न विचारतात, व्हिसा कसा मिळाला? म्हणून हे सविस्तर लिहीत आहोत.

व्हिसा हे यातले सर्वांत सोपे काम आहे, हे आधीच सांगतो. अवघड आहे ते त्याच्या आधीचे, म्हणजे पासपोर्ट. आणि पासपोर्टही अवघड नाही, अवघड आहेत आपल्या घरातल्या बायकांची कागदपत्रे. खालाचे नाव आधारकार्डावर एक, रेशनकार्डावर दुसरे आणि बँकेच्या पासबुकावर तिसरे होते. कुठे नावापुढे ‘बी’, कुठे ‘बेगम’, कुठे शेख आधी तर कुठे शेवटी. एका ठिकाणी वडिलांचे नाव, दुसऱ्या ठिकाणी मरहूम पतीचे. जन्मतारीख तर अंदाजे घातलेली. हे सगळे एका ओळीत आणायला, राजपत्रात नाव छापून घ्यायला आणि आधार दुरुस्त करायला आठ महिने गेले. त्या आठ महिन्यांत ती दोनदा म्हणाली, “राहू द्या, तुम्ही जाऊन या.” आम्ही राहू दिले नाही. आजच्या दिवसांत बाईचे कागद नीट असणे ही गोष्ट प्रवासापुरती राहिलेली नाही, हे ‘जाऊन या’ म्हणणाऱ्या प्रत्येक घराने ध्यानात घ्यावे. कुठे जायचे नसले तरी हे काम आजच हातात घ्या. पासपोर्टची फी प्रौढांसाठी दीड हजार रुपये आहे आणि पोलीस पडताळणी आपल्याच ठाण्यातून होते.

पासपोर्ट आला की व्हिसा घरबसल्या होतो. उझबेकिस्तान भारतीयांना ई-व्हिसा देते. सरकारी संकेतस्थळावर अर्ज भरायचा, पासपोर्टच्या पानाची प्रत आणि फोटो चढवायचा, कार्डाने फी भरायची. आम्ही भरली तेव्हा एकदा प्रवेशाच्या व्हिसाची फी २० डॉलर होती, म्हणजे सतराशे-अठराशे रुपये. दोनदा प्रवेशाला ३५ आणि अनेकदा प्रवेशाला ५० डॉलर. कामकाजाचे तीन दिवस लागतात असे ते सांगतात; आपण दोन आठवडे हाताशी ठेवावेत. व्हिसा ई-मेलवर येतो. मिळाल्यापासून ९० दिवसांच्या आत वापरायचा आणि राहायचे जास्तीत जास्त ३० दिवस. अर्जात चूक झाली तर फी परत मिळत नाही, तेव्हा नाव पासपोर्टवर जसे आहे तसेच, अक्षर न् अक्षर जुळवून घाला. खऱ्या संकेतस्थळाच्या पत्त्यात शेवटी ‘जीओव्ही डॉट युझेड’ असते. त्याच्यासारखी दिसणारी खासगी संकेतस्थळे चौपट पैसे घेतात. आम्हाला एका एजंटाने याच कामाचे माणशी सहा हजार सांगितले होते. सहा माणसांचे छत्तीस हजार! तेवढ्यात तिथला आठवड्याचा हॉटेलखर्च निघतो.

एकदा प्रवेशाचा व्हिसा बहुतेकांना पुरतो. शेजारच्या कझाकस्तानात भारतीयांना १४ दिवसांपर्यंत व्हिसाच लागत नाही, त्यामुळे काहीजण अलमाटीला जाऊन परत ताश्कंदला येतात. तसा बेत असेल तरच दोनदा प्रवेशाचा घ्या. एकदा प्रवेशाचा व्हिसा देशाबाहेर पडताच संपतो.

मुस्लिम देश म्हटल्यावर आपण काही गोष्टी गृहीत धरतो, तिथे मात्र सावध राहावे. उझबेकिस्तानचे राज्य धर्मनिरपेक्ष आहे आणि धर्माच्या बाबतीत कायदे कडक आहेत. चेहरा झाकणारा नकाब सार्वजनिक जागी घालायला २०२३ पासून बंदी आहे, दंड होतो. स्कार्फ किंवा ओढणीला हरकत नाही. आमच्यासोबतच्या दोघी इथे नकाब घालतात. त्यांनी जायचे की नाही हे कायदा वाचून स्वतः ठरवले. घरातल्या पुरुषांनी परस्पर ठरवू नये आणि विमानतळावर पोचल्यावर सांगूही नये. दुसरे, दीनी पुस्तकांचे गठ्ठे वाटायला म्हणून नेऊ नका, धार्मिक साहित्य देशात आणायला तिथे परवानगी लागते. तबलीगचे काम तर अजिबात नाही. जमातीवर तिथे बंदी आहे. झोपेच्या आणि तीव्र वेदनांच्या काही गोळ्यांवर निर्बंध आहेत, म्हणून अम्मीची औषधे मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह नेली. ड्रोन नेऊ नये. हॉटेलात उतरले की ते तुमची नोंदणी करतात. ती तीन दिवसांच्या आत व्हायला हवी. नोंदणीची चिठ्ठी प्रत्येक हॉटेलातून मागून घ्या आणि परत येईपर्यंत सांभाळा.

ताश्कंद हे आपल्याला लालबहादूर शास्त्रींमुळे माहीत. ११ जानेवारी १९६६ ला ते तिथेच वारले. शहरात त्यांचा पुतळा आहे आणि रस्त्याला त्यांचे नावही आहे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये भूकंपात जुने शहर बरेचसे पडले, त्यामुळे आजचे ताश्कंद रुंद रस्त्यांचे, रशियन धाटणीचे दिसते. हजरत इमाम परिसरात हरणाच्या कातड्यावर लिहिलेला प्राचीन कुरआन आहे, हजरत उस्मान (रजि.) यांचा म्हणून तो मानला जातो. एक दिवस पुरे. मग ‘अफ्रोसियोब’ नावाच्या वेगवान रेल्वेने दोन तासांच्या आसपास समरकंद आणि पुढे बुखारा. तिकिटे लवकर संपतात, व्हिसा येताच काढावीत.

इमाम बुखारी (रह.) यांचा जन्म बुखाऱ्याचा, हिजरी १९४ चा, पण मजार समरकंदजवळ खरतंग इथे आहे. बरेचजण बुखाऱ्यात उतरून शोधत बसतात. गेली काही वर्षे तिथे मोठे बांधकाम झाले, तेव्हा जाण्याआधी हॉटेलात चौकशी करावी. समरकंदमध्येच शाह-ए-जिंदा इथे हुजूर (स.) यांचे चुलत बंधू हजरत कुसम बिन अब्बास (रजि.) यांचे मजार मानले जाते. जिने खूप आहेत. अम्मी दर दहा पायऱ्यांना बसत वर गेली.

तिथल्या जियारतीची पद्धत आम्हाला आवडली. चादरींची दुकाने नाहीत, गल्ल्याची पेटी घेऊन मागे लागणारे कुणी नाही. लोक बाकांवर बसतात, एकजण कुरआनची तिलावत करतो, सगळे हात उचलून दुआ करतात आणि उठतात. आपल्याकडच्या काही दर्ग्यांवर बायकांना दारातूनच परतवतात. तिथे खाला आत आमच्या शेजारी बसली होती.

बुखाऱ्याहून समरकंदच्या रस्त्यावर गिझदुवान लागते. प्रवासी मंडळी तिथे मातीची भांडी घ्यायला थांबतात. आम्ही वेगळ्या कारणाने थांबलो. औरंगाबादच्या पाणचक्कीत जे बाबा शाह मुसाफिर दफन आहेत, ते या गिझदुवानचे. त्यांचे पीर बाबा पलंगपोशही इकडचेच, ते गाजीउद्दीन फिरोज जंगाच्या फौजेबरोबर दख्खनभर फिरले. फिरोज जंगाचे वडील ख्वाजा आबिद समरकंदकडचे. १६८७ मध्ये गोवळकोंड्याच्या वेढ्यात वारले. त्यांचा नातू म्हणजे पहिला निजाम. आमच्या माढ्याला लागून असलेला परांडा १९४८ पर्यंत त्याच घराण्याच्या राज्यात होता. आमच्याच भीमेकाठी खाली माचणूरला १६९५ ते १६९९ औरंगजेबाची छावणी पडली होती, त्या फौजेत ही तुराणी माणसे भरपूर. म्हणजे ही वाट आधी त्यांनी तुडवली, तीही घोड्यावरून आणि व्हिसाशिवाय. गिझदुवानला एका कुंभाराला आम्ही मोबाइलवर पाणचक्कीचा फोटो दाखवला, “तुमच्या गावचे बाबा आमच्याकडे झोपले आहेत” असे मोडक्यातोडक्या शब्दांत सांगितले. त्याने हातातले काम ठेवले, चहा मागवला आणि फोटो बायकोला दाखवायला आत घेऊन गेला.

भाषेची भीती बाळगू नका. शाळेला तिथे मक्तब म्हणतात, पुस्तकाला किताब, वहीला दफ्तर. आमच्या मुलांच्या पाठीवरचे दप्तर ते हेच! धन्यवादाला ‘रहमत’. बुखाऱ्यात भर चौकात लब-ए-हौज आहे, आपला हौदच तो. लिपी मात्र रोमन आणि रशियन. अरबी लिपी रस्त्यावर दिसत नाही, उर्दू वाचता येते म्हणून तिथे पाट्या वाचता येतील असे समजू नका.

जेवणात नान, सामसा, पुलाव. मांस बहुतेक ठिकाणी हलालच, पण रशियन आणि कोरियन हॉटेले आहेत, दारूही सर्रास मिळते, तेव्हा ‘हलोल?’ असे विचारून बसावे. पुलावावर ‘काझी’ देतात. आपल्याकडे काझी निकाह लावतात, तिथला काझी म्हणजे घोड्याच्या मांसाचे सॉसेज. इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या मते ते मकरूह, त्यांच्या दोन शागिर्दांच्या मते जायज, आणि तिकडचे हनफी आनंदाने खातात. ज्यांना नको त्यांनी वाढण्याआधी सांगावे. डाळिंबाला अनोर म्हणतात, गोड असतात. आम्ही सोलापूर जिल्ह्याचे असल्याने याहून जास्त कौतुक करणार नाही.

एका रुपयाला शंभराहून जास्त सोम मिळतात, त्यामुळे हिशेब लाखांत होतो आणि पहिल्या दिवशी सगळेच गोंधळतात. डॉलरच्या नोटा न दुमडलेल्या, स्वच्छ न्याव्यात. घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे. ऑक्टोबर किंवा एप्रिल बरा. जानेवारीत बर्फ आणि जुलैत आपल्यासारखेच ऊन.

काहीजण विचारतात, एवढे पैसे उमराहला का लावले नाहीत? ज्यांच्यावर हज फर्ज आहे त्यांनी आधी हजच करावा, यात वादच नाही. अम्मी आणि खालाचा हज झालेला होता. बाकी आम्ही चौघांनी नाव घातले आहे, पासपोर्ट तर आता सगळ्यांकडे आहेत. पुढच्या सुट्टीत खाला म्हणते, तिला तिर्मिज पाहायचे आहे. इमाम तिर्मिजी (रह.) यांचे मजार त्या बाजूला, देशाच्या दक्षिण टोकाशी आहे. या वेळी अर्ज तीच भरणार आहे, मोबाइलवर, नात शेजारी बसून सांगेल तसा.