उंबऱ्याबाहेरची धास्ती
करोना विषाणूच्या साथीमुळे २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि महाराष्ट्रातल्या शहरांत दूध-भाजीसाठी बाहेर पडणे हेही जोखमीचे काम झाले. घरातला एकच माणूस, बहुधा तरुण, पिशवी घेऊन निघे. साठीच्या पुढच्यांना उंबरा ओलांडू दिला जात नसे. दुकानासमोर चुन्याने आखलेल्या वर्तुळांत गिऱ्हाइके उभी राहत. मास्क नाकावरून घसरला की हात आपोआप तोंडाकडे जाई, आणि नेमके तेच टाळायचे असे. परतल्यावर चपला दाराबाहेर, कपडे थेट बादलीत, दुधाच्या पिशव्या नळाखाली, भाजी मिठाच्या पाण्यात.

विषाणूभोवतीचे स्निग्ध आवरण साबणाने मोडते, म्हणून वीस सेकंद हात धुणे खरोखर उपयोगाचे होते. पिशव्यांची आणि नोटांची भीती मात्र वाजवीपेक्षा जास्त ठरली. संसर्ग प्रामुख्याने श्वासातून, कोंदट जागेत होतो, हे पुढे स्पष्ट झाले. खिडक्या उघड्या ठेवण्याकडे तेव्हा पुरेसे लक्ष गेले नाही, ही मोठी उणीव.

सर्वांत जड चिंता आपल्यामुळे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बाधा होईल, ही असे. त्यापायी कितीतरी परिचारिका, सफाई कामगार, बसचालक घरी येऊनही वेगळ्या खोलीत जेवत. धारावीसारख्या वस्तीत, दहा बाय दहाच्या खोलीत, तीही सोय नव्हती.