डावें दार, उजवें दार

आमच्या घरांत लहानमोठीं मिळून अकरा माणसें आहेत. घर वाईचें, जुनें, दगडी जोत्याचें. स्वयंपाकघरास लागून एक अंधारी खोली आहे; तींत आमच्या मातुश्रींच्या वेळीं लोणच्याच्या बरण्या व पापडांचे डबे असत. सन २०२१ मध्यें त्या खोलींत एक भलें मोठें शीतकपाट येऊन उभें राहिलें. घरांतील सर्व मंडळी त्यास फ्रीज म्हणतात. आम्ही हट्टानें शीतकपाट म्हणतों, आणि या वयांत तेवढा हट्ट आम्हांस शोभतो अशी आमची समजूत आहे.

साधें शीतकपाट एका दाराचें, अथवा एकावर एक अशा दोन दारांचें असतें. हें तसें नव्हे. दिवाणखान्याच्या दारास जशीं दोन कवाडें शेजारीं शेजारीं असावीं, तशीं यास उभीं दोन दारें आहेत. डाव्या दारामागें अरुंद हिमकक्ष, म्हणजे बर्फाची व गोठवून ठेवावयाच्या जिन्नसांची जागा. उजव्या दारामागें रुंद शीतकक्ष, म्हणजे दूध, दहीं, भाजी, फळें यांची जागा. दोहोंच्या मध्यें वरपासून खालपर्यंत एक भिंत. ती भिंत पाहून आमची जी समजूत झाली तीच पुढील अनर्थाचें मूळ होय. आम्हांस वाटलें कीं, हीं दोन निरनिराळीं बिऱ्हाडें; डाव्याची चूल वेगळी, उजव्याची चूल वेगळी.

सन २०२४ च्या वैशाखांतील गोष्ट. एके दिवशीं सकाळीं चहाचें दूध फाटलें. गवळ्यास बोल लागला. दोन दिवसांनीं पुन्हां फाटलें. उन्हाळ्यास बोल लागला. त्याच आठवड्यांत तिसऱ्यांदा फाटलें, आणि श्रीखंडासाठीं ठेवलेला चक्काही आंबून गेला, तेव्हां कोणा तरी माणसास बोल लागणें क्रमप्राप्त झालें. आम्ही कपाटापाशीं गेलों. डावें दार उघडून पाहिलें, तों बर्फ दगडासारखा. उजवें दार उघडून आंत हात घातला, तों माठाला हात लावल्याइतकाच गारवा. यावरून आम्हीं अनुमान बांधलें तें असें : डावीकडे बर्फ होतो, अर्थात् यंत्र निर्दोष आहे; यंत्र निर्दोष असून उजवीकडे उष्णता आहे, अर्थात् उजवें दार कोणी तरी नीट लावीत नाहीं; आणि रात्रीं तें दार सर्वांच्या शेवटीं उघडतें कोण, तर आमच्या धाकट्या सूनबाई. त्या बँकेंत नोकरीस आहेत. घरीं येण्यास त्यांस आठ वाजतात, येतांना त्या भाजी आणतात व ती निवडून कपाटांत ठेवतात.

रात्रीं पंगतीवर, सर्वांदेखत, आम्ही म्हणालों, "दार लावून घ्यावयास कांहीं पदवी लागत नाहीं."

सूनबाई एवढेंच म्हणाल्या, "मामंजी, मी दार लावतें." आणि ताटाकडे पाहूं लागल्या. धाकटे चिरंजीव अर्धवट जेवून उठले. आमच्या मंडळींनीं आमच्याकडे ज्या दृष्टीनें पाहिलें तिचें वर्णन येथें करीत नाहीं.

त्या दिवसापासून सूनबाईंनीं त्या कपाटास हात लावला नाहीं. आणलेली भाजी त्या ओट्यावर ठेवीत आणि थोरल्या जाऊबाई ती आंत ठेवीत. पाणी त्या माठांतलें पीत. असे सहा दिवस गेले, आणि या सहा दिवसांत दूध पुन्हां दोनदां फाटलें. आतां, ज्यानें तर्कसंग्रह मुलांस शिकविला त्यास एवढें तरी कळावयास हवें होतें कीं, कारण काढून घेतल्यावरही कार्य होतच राहिलें, तर तें त्याचें कारण नव्हे. पण दुसऱ्याच्या अनुमानांतला हेत्वाभास ओळखणें निराळें आणि आपल्या अनुमानांतला निराळा. आम्ही म्हणालों, इतके दिवस उघडें राहून दाराची बिजागरी सैल झाली असेल.

याहून मोठी चूक पुढेंच होती. आमच्या थोरल्या भगिनी, ज्यांस सर्व घर आक्का म्हणतें, मधुमेहानें बरींच वर्षें आजारी आहेत. त्यांच्या इन्शुलिनच्या कुप्या उजव्या दाराच्या आंतील कप्प्यांत असत. उजवी बाजू गरम, तर कुप्या बिघडतील, असें म्हणून आम्हींच एका संध्याकाळीं त्या चारही कुप्या उचलून डाव्या बाजूस, बर्फाशेजारीं, नेऊन ठेवल्या. जितकें थंड तितकें चांगलें, हा आमचा हिशेब. सकाळीं आक्कांनीं त्यांतली एक काढली, ती हातांत धरून वितळविली आणि सुई भरावयास घेतली. सूनबाई बँकेंत जाण्याच्या घाईंत तेथून जात होत्या. कुपींत बारीक कण तरंगतांना त्यांनीं पाहिले आणि आक्कांचा हात धरला. खोक्यांतला घडीचा कागद, जो आमच्या घरांत कोणीं कधीं उलगडला नव्हता, त्यांनीं उलगडून वाचून दाखविला : न फोडलेली कुपी २ ते ८ अंश सेल्सियसमध्यें ठेवावी, गोठूं देऊं नये, एकदां गोठलेलें औषध वितळलें तरी वापरूं नये. डॉक्टरांस विचारलें. त्यांनीं तेंच सांगितलें, आणि असेंही सांगितलें कीं, गोठलेल्या इन्शुलिनचा गुण कमी होतो, पण किती कमी झाला हें नुसतें पाहून कळत नाहीं, म्हणून ती सुई घेतली असती तर साखर हाताबाहेर गेली असती. चारही कुप्या टाकून दिल्या. उजव्या बाजूच्या त्या गारव्यांत त्या कदाचित् कांहीं दिवस निभावल्याही असत्या. आम्हीं रक्षण करावयास म्हणून नेल्या आणि घालविल्या.

आतां कपाट दाखविणें भाग होतें. एक कारागीर आला. त्यानें मागें कान लावला, मान हालविली आणि काँप्रेसर गेला असें सांगून जो आंकडा सांगितला तो आमच्या महिन्याच्या निवृत्तिवेतनाहून मोठा होता. काँप्रेसर गेला तर डावीकडे बर्फ कसा, असें आम्हीं विचारलें. तो म्हणाला, "तोही जाईल." हें भविष्य आम्हांस पटलें नाहीं. आमचा एक जुना विद्यार्थी, जो आठवींत गणितांत नेहमीं काठावर उत्तीर्ण होत असे, साताऱ्यास याच कामांत नांवारूपास आला आहे, त्यास निरोप धाडला.

तो आला, पायां पडला, आणि कपाटास हात लावण्यापूर्वीं म्हणाला, "गुरुजी, डावें दार उघडून ही पट्टीवरची कळ बोटानें दाबून धरा. पंख्याचा आवाज येतो का?" दार उघडलें कीं पंखा थांबतो, कळ दाबली कीं यंत्रास दार लागलें असें वाटून तो पुन्हां फिरूं लागतो. आवाज आला, पण घुसमटलेला, पाचोळ्यांत पातें अडकावें तसा.

मग त्यानें आम्हांस जें सांगितलें तें येथें देतों, कारण या कपाटाचें सर्व मर्म त्यांत आहे. आमच्या कपाटासारख्या बहुतेक कपाटांत थंडी एकाच ठिकाणीं उत्पन्न होते. डाव्या कक्षाच्या पाठीमागच्या पत्र्याआड नळ्यांचें एक वेटोळें असतें. नळ्यांतील द्रव तेथें वायुरूप होतो आणि होतांना भोंवतालची उष्णता शोषून घेतो. पंखा त्या वेटोळ्यावरून हवा खेळवितो. पुष्कळशी हवा डाव्या कक्षांत राहते, आणि थोडी मधल्या भिंतींतील एका झडपेवाटे उजव्या कक्षांत सोडली जाते. तीच खालच्या वाटेनें परत येते. म्हणजे उजव्या बाजूस स्वतःची चूल मुळींच नाहीं. डावीकडून जें वाढून येईल तेवढ्यावर तिचा निर्वाह. वाढणाराचाच हात आंखडला कीं उपाशी प्रथम उजवी बाजू राहते, आणि डावीकडे मात्र बर्फ दगडासारखाच दिसतो.

त्यानें डाव्या कक्षांतील सर्व सामान काढविलें, मागचा पत्रा सोडविला, आणि आम्ही पाहतच राहिलों. वेटोळें दिसतच नव्हतें. त्याच्या जागीं पांढऱ्या भुसभुशीत हिमाची भिंत. मराठींत आपण तुषार म्हणजे पाण्याचे शिंतोडे समजतों. संस्कृतांत तुषार म्हणजे गोठलेलें दंवही. तो संस्कृत अर्थ आम्हांस त्या दिवशीं प्रथमच डोळ्यांनीं दिसला. हवेंतील बाष्प वेटोळ्यावर असें रोजच जमतें, व तें वितळविण्यासाठीं खालीं एक तापणारी कांब असते. ती ठराविक काळानें आपोआप तापते, पाणी एका नळीनें मागच्या तबकांत उतरतें आणि काँप्रेसरच्या उष्णतेनें तेथेंच वाळून जातें. त्यानें मापक लावून कांब तपासली. ती शाबूत होती. "मग गुरुजी, हिम कांबीला आवरेना इतकी बाहेरची हवा आंत येते आहे."

त्यानें वर्तमानपत्राची एक लांब पट्टी फाडली, डाव्या दाराच्या चौकटींत धरून दार लावलें आणि पट्टी ओढली. वरच्या भागांत ती चांगली अडकून येई. मध्यें अडकली. अगदीं खालीं मात्र ती लोण्यांतून सुरी निघावी तशी निघाली. दाराच्या कडेची रबरी पट्टी तेथें चेपून आडवी झाली होती.

"येथें आंत काय ठेवलें होतें?" त्यानें विचारलें.

तेथें आमरसाचे डबे होते. चिपळूणच्या व्याह्यांनीं, म्हणजे धाकट्या सूनबाईंच्या वडिलांनीं, हापुसाच्या चार पेट्या पाठविल्या होत्या. त्यांचा रस काढून वर्षभर पुरावा म्हणून बावीस डबे भरले होते, आणि ते डबे आंत रचण्याचें काम, हें काम कोणास साधत नाहीं म्हणून, आम्हीं स्वतः केलें होतें. एकवीस नीट बसले. बाविसावा खालच्या टोपलींत कोंबला, त्यामुळें टोपली पुरती आंत जाईना, आणि दार तिला टेकून लागे. लागलेंसें दिसे. तीन आठवडे तें एका जवाएवढें उघडें होतें.

खोलींत थोरल्या सूनबाई होत्या, आमच्या मंडळी होत्या, दोन नातवंडें होतीं. कोणीं कांहीं बोललें नाहीं. आम्हीं भिंतीवरचें उलथनें घेतलें आणि निदान हिम तरी खरवडावें म्हणून पुढें झालों, तों त्या मुलानें आमचा हात धरला. नळ्या पातळ असतात. एक टोंक लागलें कीं भोंक पडतें. पूर्वीं या कपाटांतून जे वायु वापरीत ते पृथ्वीवरील ओझोनच्या थरास मारक ठरले, म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर ते हळुहळू सोडून दिले. आमच्या कपाटांत आयसोब्यूटेन आहे. तो त्या थरास निरुपद्रवी, पण पेट घेणारा. तेव्हां उलथनें, सुरी किंवा पेटता दिवा यांचें तेथें काम नाहीं. नळ्यांतील वायूचें काम घरच्या माणसानें करावयाचें नाहीं. तेथें जाणत्यालाच बोलवावें.

उपाय इतकाच होता कीं, कपाट बंद करून दोन्ही दारें उघडीं ठेवावयाचीं आणि चोवीस तास वाट पाहावयाची. दूधदुभतें शेजारीं गेलें. आमचीं जुनीं धोतरें खालीं अंथरलीं. रात्रभर टपटप चालली होती व आम्ही जागे होतों. सकाळीं त्यानें सांगितल्याप्रमाणें निचऱ्याच्या नळींत कोमट पाणी सोडून तें मागच्या तबकांत उतरतें कीं नाहीं तें पाहिलें. चेपलेल्या रबरी पट्टीवर गरम पाण्यांत पिळलेला पंचा पुनःपुन्हां ठेवून ती मऊ केली, बोटांनीं उचलून सरळ केली, आणि कागदाची परीक्षा पुन्हां घेतली. कागद अडकला. कपाटाचे पुढचे पाय किंचित् उंच केले, म्हणजे दार सोडलें कीं आपल्याच भारानें लागावें. मागील धूळ झाडली; ती सुमारें मूठभर निघाली. मग कपाट चालू केलें. दुसऱ्या रात्रीं उजव्या बाजूस मधल्या फळीवर पाण्याच्या पेल्यांत उष्णतामापक बुडवून ठेवला, कारण नुसत्या हवेचें माप दार उघडतांच बदलतें. सकाळीं पारा ४ अंशांवर. डावीकडे उणे १८. कारागिरानें मारलेला काँप्रेसर सुखरूप होता. मुलानें पैसे घेतले नाहींत. डबा मात्र घेतला, आमरसाचा.

त्या रात्रीं त्याच पंगतीवर आम्ही म्हणालों, "सूनबाई, दार उघडें राहत होतें तें डावें, आणि तें आम्हीं ठेवलें होतें. त्या दिवशीं तुम्हांस बोललों तें चुकलें." हें वाक्य आम्हीं दुपारपासून मनांत घोळविलें होतें, उच्चारतांना तें ठरविल्याहून आंखूड झालें.

आक्का म्हणाल्या, "भाऊ, जन्मभर पोरांच्या चुका तांबड्या शाईनें दाखविल्यास. एक घरची सांपडली ती बरी." मुलें हंसलीं. सूनबाई हंसल्या नाहींत, पण मान वर करून म्हणाल्या, "मामंजी, एकवीस डबे उरले आहेत. डावीकडे सोळांहून अधिक नीट मावणार नाहींत."

पांच डबे त्या रात्रींच संपले. दोन घरीं, तीन शेजाऱ्यांकडे, ज्यांनीं आमचें दूध सांभाळलें होतें. दुसऱ्या दिवशीं आठ वाजतां सूनबाई आल्या. पिशवींत आक्कांच्या नव्या कुप्या होत्या, मेथी होती. ओट्यावर कांहीं ठेवल्याचा आवाज आला नाहीं. थोड्या वेळानें माजघरांत आम्हांस उजवें दार लागल्याचें ऐकूं आलें.