किती तास झोपलास?

दिवाळीत भेटणारा प्रत्येक जण विचारतो, "फराळ झाला का?" माझा एक मित्र मात्र विचारतो, "काल किती तास झोपलास?"

आम्हां दोघांचे दुखणे एकच. डॉक्टर त्याला बायपोलर विकार म्हणतात. मनाला कधी उधाण येते, तर कधी महिनोन्‌महिने ओहोटी. आमची ओळख झाली रक्ततपासणीच्या बाकावर. लिथियम घेणाऱ्याला ते रक्तात किती आहे, हे वरचेवर पाहावे लागते. कमी पडले तर गुण नाही, जास्त झाले तर विष! उन्मादावरचा त्याचा गुण ऑस्ट्रेलियातील डॉक्टर जॉन केड यांनी १९४९ साली जगापुढे मांडला.

तीन वर्षांपूर्वी, धनत्रयोदशीला, मी चाळीस आकाशकंदील विकत आणले. सारी आळी उजळायची होती! 'आता बरे वाटते' म्हणून गोळ्या मीच बंद केल्या होत्या. दोन रात्री डोळ्याला डोळा नव्हता, तरी शीण म्हणून नाही. घरच्यांना वाटले, चला, हा हसू तरी लागला. मित्र आला, त्याने कंदील मोजले आणि म्हणाला, "चल, डॉक्टरांकडे जाऊ." मी त्याला अद्वातद्वा बोलून घराबाहेर काढले. तो रात्रभर पायरीवर बसून राहिला. उजाडताना मीच चपला पायांत सरकवल्या.

त्याच्या ओहोटीत मी जातो. उपदेश करीत नाही. चहा करतो, शेजारी बसतो.

आनंदात सहभागी होणारे मित्र पुष्कळ मिळतात. माझ्या आनंदाची नाडी पाहणारा हा एकच. यंदा अभ्यंगस्नानासाठी पहाटे उठायचे, म्हणून आदल्या रात्री नवालाच निजणार आहे. सकाळी त्याला हिशेब द्यायचा आहे ना!