शांत वीज

पाण्याच्या बाबतीत आपण जितके चोखंदळ असतो, त्याच्या शतांशानेही विजेच्या बाबतीत नसतो. पाणी नितळ आहे की गढूळ, गोड आहे की मचूळ, हे आपण एका घोटात ओळखतो. विजेसंबंधी मात्र आपला प्रश्न एकच, ‘लाइन आहे की गेली?’ वीजही गढूळ असू शकते, ही गोष्ट सामान्य गृहस्थाच्या गावीही नसते. आणि पंखा फिरतो आहे, दिवा जळतो आहे, तोवर त्यावाचून कोणाचे अडतही नाही. परंतु घरच्या घरी ध्वनिमुद्रणाची डिजिटल साधने तयार करण्याचा ज्यास नाद लागला, त्यास या गढूळपणाशी प्रथम झुंजावे लागते. आम्हांस हा नाद आहे, आणि तो नरखेडसारख्या तालुक्यात आहे.

नरखेड हे नागपूर-इटारसी लोहमार्गावरील स्टेशन. काटोल-नरखेडचा हा मुलूख संत्र्यांचा, आणि संत्र्याची बाग जगते ती विहिरी व बोअरच्या पाण्यावर, म्हणजेच मोटारींवर. मोटार सुरू होतेवेळी नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. त्या क्षणी जवळपासचे दिवे किंचित मलूल होतात. कागदोपत्री २३० व्होल्ट असलेला दाब असा दिवसभर खालीवर होत राहतो. त्यात भर एलईडी दिव्यांची व मोबाइलच्या चार्जरांची. ही उपकरणे विजेचे सेकंदास हजारो तुकडे करतात आणि त्याचा काही चुरा तारांत सांडतात. शिवाय ५० हर्ट्झची वीज एकदिश केली तरी तीत सेकंदास १०० लाटा उरतातच. ध्वनिक्षेपकातून ऐकू येणारी ‘गुं’ अशी संथ घरघर ती हीच.

डिजिटल म्हणजे केवळ शून्य आणि एक. तेथे गढूळपणा शिरणार कोठून, असा आक्षेप सुशिक्षितही घेतात. तो अर्धा खरा आहे. ध्वनीचा एकदा आकडा झाला की तो सहसा बिघडत नाही. परंतु आकडा होण्यापूर्वी तो विजेचा दाब असतो, आणि चिप तो दाब एका स्थिर दाबाशी ताडून मोजते. हा मोजण्याचा गजच थरथरू लागला तर कापड बरोबर कसे मोजले जाणार? सोळा बिटांच्या मोजणीत ६५,५३६ पायऱ्या असतात. दोन व्होल्टांचा ध्वनिसंकेत खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत साधारण ५.६६ व्होल्ट भरतो. म्हणजे एक पायरी सुमारे ८६ मायक्रोव्होल्टांची झाली. एका व्होल्टाचे दहा लाख भाग केले, तर त्यांतले अवघे शहाऐंशी!

येथे रेग्युलेटरचे काम सुरू होते. आपल्या घरांत या शब्दाने पंख्याची कळ समजतात. हा रेग्युलेटर निराळा. पाटाच्या मोरीवर बसवलेल्या राखणदाराची कल्पना करावी. त्याच्याजवळ पातळीची एक खूण आहे. पाणी खुणेच्या वर चढले की तो दार लोटतो, खाली गेले की उघडतो. रेग्युलेटरमध्ये खूण म्हणजे संदर्भदाब आणि दार म्हणजे ट्रान्झिस्टर. बॉब डॉबकिन यांनी १९७६ साली रचलेली एलएम ३१७ ही तीन पायांची चिप या जातीची असून ती आजही स्वस्तात मिळते. पण राखणदाराचा स्वतःचा हातही थोडा कापतो. या चिपचा स्वतःचा गोंगाट बाहेर पडणाऱ्या दाबाच्या सुमारे ०.००३ टक्के, म्हणजे पाच व्होल्टांवर १५० मायक्रोव्होल्ट. आपली एक पायरी ८६ची, हे ध्यानात घेतले म्हणजे अडचण कळते. पुढे डॉबकिन ज्या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक होते, त्या लिनियर टेक्नॉलॉजीने २०१५ साली एलटी ३०४२ ही चिप काढली. तिचा गोंगाट एका मायक्रोव्होल्टाहूनही कमी, ०.८ इतका. तथापि ती तीन मिलिमीटर चौरस असून पन्नाशीच्या डोळ्यांनी व हातांनी सोल्डर करणे ही एक तपश्चर्याच आहे. शिवाय चिप कितीही उत्तम असो, तारा लांब ठेवल्या किंवा कपॅसिटर दूर बसवला, तर निम्मे पुण्य वाया जाते.

हा खटाटोप कशासाठी? आमच्यापुरते उत्तर सरळ आहे. जात्यावर ओव्या म्हणत दळलेल्या स्त्रिया आता सत्तरी-ऐंशीच्या पलीकडे गेल्या आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून लाखाहून अधिक ओव्या लिहून घेतल्या आणि बर्नार बेल यांच्या साहाय्याने शंभराहून अधिक तासांचे मुद्रणही झाले, हे वाचकांस ठाऊक असेल. परंतु प्रत्येक गावी अजून कोणी ना कोणी आजी आहे, जिच्या ओव्या कोठेच उतरलेल्या नाहीत. विजेच्या गिरणीने जाते थांबवले. बायांचे पहाटेचे कष्ट टळले, याबद्दल कोणी हळहळू नये. पण जात्याबरोबर गाणेही थांबले. आता ही आजी भिंतीला टेकून, आठवत आठवत, हलक्या आवाजात गाते. तो आवाज मोठा करावा, तर त्याच्याबरोबर यंत्राची घरघरही तितकीच मोठी होते. ज्या विजेने हे गाणे घरातून घालवले, तीच आता ते टिपण्यापुरती तरी गप्प बसावी, एवढीच आमची अपेक्षा.

मात्र या मार्गात एक मोह आहे. दीड मायक्रोव्होल्ट झाला, आता एक करू. एक झाला, अर्धा करू. निसर्गाने येथे मर्यादा घातलेली आहे. कोणताही रोधक केवळ उष्णतेमुळेच गोंगाट करतो, हे जॉन्सन व नायक्विस्ट यांनी १९२८ साली दाखवून दिले. हजार ओहमांच्या रोधकात, ऐकू येणाऱ्या पट्ट्यात, तो अर्ध्या मायक्रोव्होल्टाहून थोडा अधिकच असतो. त्याच्या कितीतरी आधी खोलीतला पंखा, अंगणातल्या चिमण्या आणि मायक्रोफोनचा स्वतःचा गोंगाट आड येतो. बॅटरीवर यंत्र चालवले, तर मोटारींचा व चार्जरांचा उपद्रव बहुतांशी मिटतो. रेग्युलेटर तेव्हाही लागतो, पण साधा पुरतो. आणि पन्नाशीनंतर आपल्या कानांस अतिउच्च स्वर ऐकूच येईनासे होतात, हेही विसरू नये. तेव्हा आमचा नियम असा: यंत्र त्या खोलीपेक्षा शांत झाले की हातातली सोल्डरची कांडी खाली ठेवावी.

कारण चिप पुढल्या वर्षी याहून चांगली मिळेल. आजीचे तसे नाही. ज्यांच्या घरी अशी माउली आहे, त्यांनी आमच्यासारख्यांच्या पेटीची वाट पाहू नये. पंखा बंद करावा, खिडकी लावावी, हातातला मोबाइल तिच्यापासून वीतभर अंतरावर ठेवावा आणि म्हणावे, ‘आजी, म्हण वं.’ थोडी घरघर राहिली तर राहो.