थोडे तिरके

मराठी शिकवणाऱ्या माणसाच्या घरात काय काय असावे, याविषयी लोकांच्या काही ठाम समजुती असतात. पुस्तकांची दोन कपाटे, एक डुगडुगते टेबल आणि न तपासलेल्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा. हे सारे माझ्याकडे आहे. पण गेल्या उन्हाळ्यापासून त्या टेबलावर एक हेलिकॉप्टर उभे आहे आणि उत्तरपत्रिका पलंगाखाली गेल्या आहेत.

त्याला खेळणे म्हटले की आमच्या चिरंजीवांना राग येतो. 'मॉडेल' म्हणायचे. पुण्याच्या मावसभावाने स्वतःचे जुने याला देऊन टाकले. पात्यांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ७० सेंटिमीटर, नाकात बॅटरी, आणि हातातल्या ट्रान्समीटरच्या हुकमावर चालणारा सारा कारभार. एकदा बॅटरी भरली की पाच-सहा मिनिटे उडते. त्या पाच मिनिटांसाठी आमचे सबंध घर पाच आठवडे जमिनीवर खिळून होते.

घरातून या पाहुण्याला पहिल्याच दिवशी विरोध झाला. त्याचे कारण आम्हा तिघांनाही ठाऊक होते, पण कोणी उच्चारले नाही. आमच्या हिंगोलीला लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यात फुलसावंगी नावाचे गाव आहे. तिथल्या एका तरुण वेल्डरने मारुती ८०० चे इंजिन लावून एका माणसापुरते हेलिकॉप्टर स्वतःच्या हातांनी घडवले होते. ऑगस्ट २०२१ मध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या तोंडावर, चाचणी घेताना शेपटाचा पंखा तुटून मोठ्या पंख्यावर आदळला आणि त्या पात्याच्या घावाने तो गेला. वय चोवीस. ती बातमी आली तेव्हा चिरंजीव शाळेत होते. त्यांनी कात्रण कापून वहीत ठेवले, आणि त्यांच्या आईने ते पाहिले. पाहिल्यापासून ती विसरलेली नाही.

तेव्हा तिने अटी घातल्या. एकट्याने उडवायचे नाही. बाबा बरोबर हवेत. पाती फिरू लागली की वीस पावले मागे. घरात बॅटरी जोडून पाहायचे नाही. मुलाने सगळ्या अटी निमूट मान्य केल्या. मी मात्र मनातून थोडा हिरमुसलो, कारण सुट्टीतली पहाटेची झोप माझी जाणार होती.

मला वाटले होते, यंत्र तयार आहे, कळ दाबायची आणि उडवायचे. पण ते सुखासुखी उडत नाही. आधी त्याची जोडणी लावावी लागते. वरच्या पात्यांच्या खाली 'स्वॉशप्लेट' नावाची एक तबकडी असते. ती ज्या अंगाला कलेल त्या अंगाला यंत्र झुकते. तीन लहान मोटारी तिला तीन बाजूंनी धरून असतात. दांडा मधोमध असताना ती तबकडी अगदी सपाट हवी, मोटारींचे हात काटकोनात हवेत. मग वजन. पात्यांच्या मधल्या डोक्याला धरून सारे यंत्र उचलायचे आणि तराजूसारखे पाहायचे. नाक झुकले तर बॅटरी मागे, शेपूट झुकले तर पुढे.

त्यानंतरचे काम माझ्या वाट्याला आले. दोन पात्यांच्या टोकांना दोन रंगांच्या पट्ट्या लावतात, एक लाल, एक पिवळी. फिरताना बाजूने त्यांची एकच रेघ दिसायला हवी. दोन दिसल्या तर एक पाते वरून चालले आहे, म्हणजे यंत्र थरथरणार. वीस पावलांवर उकिडवे बसून मी ओरडायचो, "लाल वर!" तो पंखा थांबवायचा, लालच्या दांडीचा अर्धा आटा फिरवायचा, पुन्हा सुरू. "अजून लालच!" सकाळी शेताकडे निघालेले लोक थांबून पाहत. प्राध्यापकांचे काही तरी बिनसले आहे, असे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसे.

या साऱ्यात माझ्या विद्येचा उपयोग एकदाच झाला. एके दिवशी मी त्याला सांगितले की 'हेलि' आणि 'कॉप्टर' अशी फोड चुकीची आहे. ग्रीकमधले 'हेलिक्स' म्हणजे मळसूत्र आणि 'प्टेरॉन' म्हणजे पंख. हा 'प्टेरॉन' आणि आपल्या संस्कृतातला 'पत्र' एकाच मुळाचे, आणि त्या 'पत्रा'तूनच आपले 'पाते' आले. तो दोन क्षण थांबला आणि म्हणाला, "म्हणजे पातं हा शब्द बरोबरच आहे." मला पगारवाढ मिळाल्यासारखे झाले.

मग 'ट्रिम'. जोडणी चोख असूनही यंत्र हवेत हळूहळू एखाद्या बाजूला सरकते. ट्रान्समीटरवर दांड्यांच्या शेजारी छोट्या कळा असतात. एकेक टिचकी मारून ते सरकणे मोडायचे. मला हे लगेच समजले. हे आमचे कृपागुण! दोन गुणांनी अडलेल्याला द्यावेत; पंधरा गुणांनी अडलेल्याला देऊन कोणाचेच भले होत नाही. यंत्र फार सरकत असेल तर कळांना हात लावायचा नाही, खाली उतरवून जोडणी तपासायची. आणि वारा असताना तर ट्रिम करायचेच नाही. वाऱ्याने ढकलले तो यंत्राचा दोष समजून आपण दुरुस्ती करतो, आणि वारा पडल्यावर ती दुरुस्तीच दोष होऊन बसते.

म्हणून आम्ही पहाटे जायचो. हळद निघून मोकळे झालेले मित्राचे रान, मधोमध ताणून बसवलेली ताडपत्री. यंत्राच्या पायांना आडव्या काड्या आणि टोकांना प्लॅस्टिकचे चेंडू, म्हणजे कलंडू नये. हातभर उंचीवर ते स्वतःच्याच ढकललेल्या हवेवर डळमळते. खरे रूप कळायला त्याच्या वर न्यावे लागते. तिथे ते गेले की मी ओरडू लागायचो. "डावीकडे चाललंय! डावीकडे!" एकदा त्याने नाक आमच्याकडे वळवले. तसे वळले की डावे-उजवे उलटे होते, हे मला ठाऊक नव्हते. मी ओरडलो, त्याने ऐकले, आणि दोन्ही पाती जमिनीत घुसून तुटली.

मी घाबरून गेलो. तो तुकडे वेचत म्हणाला, "बाबा, मोडण्यासाठीच तर हे लहान आहे."

मग त्याने मला आर्थर यंगची गोष्ट सांगितली. हा अमेरिकेतला तत्त्वज्ञानवेडा माणूस. त्याने १९२८ च्या सुमारास हेलिकॉप्टरचा ध्यास घेतला आणि बारा-तेरा वर्षे केवळ लहान मॉडेले करून मोडली. पात्यांना स्थिर ठेवणारी दांडी त्याला त्यातूनच सापडली. १९४१ मध्ये तारेने चालवलेले मॉडेल त्याने बेल कंपनीला दाखवले, आणि त्यातून पुढे बेल ४७ हे हेलिकॉप्टर आले. त्याला १९४६ मध्ये नागरी वापराचा परवाना मिळाला. तसा परवाना मिळालेले ते पहिलेच.

"त्याला मोडायला बारा वर्षं मिळाली," मुलगा म्हणाला, "फुलसावंगीच्या दादाला पहिल्यांदाच आत बसावं लागलं."

पाच वर्षांत तो विषय आमच्या घरात पहिल्यांदा कोणी काढला. मी त्या रात्री हिला सांगितले. ती काही बोलली नाही, पण सकाळी चहाचा थर्मास घेऊन आमच्याबरोबर निघाली.

त्या दिवशी वारा अजिबात नव्हता. नवी पाती होती. यंत्र वर गेले, डोळ्यांच्या उंचीला आले आणि थांबले. त्याने दांड्यांवरची बोटे क्षणभर सैल सोडली. ते तिथेच राहिले. मला राहवले नाही. "अरे, ते उजवीकडे तिरकं दिसतंय."

"तिरकं आहे म्हणूनच जागेवर आहे," तो म्हणाला. मोठा पंखा फिरला की अंग उलट फिरू पाहते. शेपटाचा पंखा ते अडवतो, पण अडवताना सगळ्या यंत्रालाच बाजूला ढकलतो. ते ढकलणे सोसायला यंत्राला विरुद्ध अंगाला थोडे कलावेच लागते. अगदी सरळ केले तर ते सरकत जाईल.

मी आणखी काही सांगणार होतो. हिने थर्मासचे झाकण माझ्या हातात दिले आणि म्हणाली, "चहा घ्या. त्याला कळतंय."

वीस पावले मागे उभा राहून मी चहा प्यालो.